थांबा सर आणि एक नंबरची मशीन

थांबा सरांनी फोन उचलला की पहिला शब्द 'जयभीम' आणि दुसरा 'थांबा'. आपण अजून काही बोललेलोही नसायचो. थांबायचं कशासाठी, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसे. चष्मा शोधायला म्हणा, गॅसवरचं दूध उतरवायला म्हणा, नाहीतर उगीचच. इकडे मी फोन कानाला लावून उभा, हॉलमध्ये पोरांचा गलका, एक नंबरची मशीन बंद पडलेली, आणि पलीकडून शांत आवाजात 'थांबा'. मला हा शब्द शिवीसारखा लागायचा. मी थांबत बसलो असतो तर आजही नांदेड स्टेशनसमोर हातगाड्यावर मोबाईलची कव्हरं विकत असतो.

त्या गाड्यावरून मी जुन्या कॉम्प्युटरच्या धंद्यात आलो. बंद होणाऱ्या ऑफिसांतल्या मशीन उचलायच्या, घासून-पुसून विकायच्या. कुणी शिकवलं नाही, कुणी पाठीशी उभं राहिलं नाही. भाव करणं मात्र मला उपजत येतं. पुढे गेमिंग पार्लर काढायचं ठरवलं तेव्हा जागाही मी तशीच मिळवली. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून खाली जायचं, असा एक लांबट हॉल. पूर्वी तिथं एका आडत्याचं गोदाम होतं. दार एकच, शटरचं. खिडकी नाही. मागच्या भिंतीत वर एक झरोका होता, तोही विटांनी बुजवलेला, कारण पलीकडे घरमालकाचं अंगण. मी मालकाच्या ओसरीवर जाऊन बसायचो आणि दर खेपेला हॉलचा एक नवा दोष काढायचो. पायऱ्या उतराव्या लागतात. उजेड नाही. झरोका होता, तोही बंद. प्रत्येक दोषामागे भाडं थोडं खाली येत गेलं. शेवटी मालक वैतागला. म्हणाला, "घ्या बाबा. पण करार लांबचा करायचा, मधेच सोडून जायचं नाही, आणि माझ्या भिंतीला हात लावायचा नाही. खिळासुद्धा ठोकायचा नाही."

मी हसत हसत सही केली. गेम खेळायला पोरांना अंधारच लागतो, खिळे ठोकून मला काय करायचं होतं? माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात भारी सौदा, असं मी येईल त्याला सांगायचो. सरांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खुर्चीवर चढले आणि झरोक्याच्या विटांवर तळवा ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. "हं," म्हणाले आणि खाली उतरले. त्या 'हं'चा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तोही त्यांच्या तोंडून नाही. सरांवर माझा राग आहे तो याच गोष्टीचा. तो अजून गेलेला नाही.

सर मूळचे लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचे. लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे. शेवटच्या बाकावरच्या पोराला कळल्याशिवाय पुढचं शिकवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. लातूरसारख्या गावात, जिथं पोरं घड्याळाच्या काट्यावर धडे गिळतात, तिथं हा हट्ट चालणार किती दिवस? क्लासवाल्यांनी त्यांना हात जोडले. मग त्यांनी कॉम्प्युटरची दुरुस्ती धरली. आठवड्यातून एकदा नांदेडला यायचे, फोटो स्टुडिओवाल्यांच्या आणि फ्लेक्सवाल्यांच्या मशीन बघायचे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. उंच, काटकुळे, शर्ट नेहमी पॅन्टमध्ये खोचलेला. खिशाला पेनाच्या जागी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि पोरं चित्रकलेला वापरतात तसला ब्रश. 'थांबा सर' हे नाव माझ्या हॉलमधल्या पोरांनी ठेवलं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "क्लासमध्ये यापेक्षा वाईट नाव होतं," असं म्हणायचे. ते कोणतं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

त्यांची नि माझी गाठ घातली एक नंबरच्या मशीननं. या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड मी हैदराबादेतून जुनं आणलं होतं. विटेएवढं लांब, तीन पंख्यांचं, माझ्या हॉलमधलं सगळ्यात ताकदीचं. पोरं त्या खुर्चीसाठी रांग लावायची. आणि मग तिला तो आजार जडला. खेळ रंगात आला की पडदा एकदम काळा. आवाज शेवटच्या अक्षरावर अडकलेला. आत पंखे विमान सुटावं तसे घोंघावायला लागायचे. पोरगं हातातला माउस टाकून ओरडायचं, "शेठ, एक नंबर पुन्हा बसली!" नेमकं त्याच दिवसांत पुलापलीकडे काचेच्या दाराचं, एसीचं नवीन पार्लर निघालं होतं. माझ्याकडे पडदा काळा झाला की दोन पोरं पूल ओलांडायची, आणि ओलांडलेलं पोर परत येत नव्हतं. बाकीच्या मशीन पोरं नाइलाजानं घ्यायची, दुकान चालायचं ते एक नंबरच्या नावावर. ती गेली असती तर मी त्या हॉलमध्ये करार संपेपर्यंत एकटाच बसलो असतो.

एसी मीही लावला असता. पण त्याचा बाहेरचा डबा टांगायला भिंत लागते, आणि भिंतीचं तुम्ही ऐकलंच आहे.

सर आले आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवलं. मी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला तर म्हणाले, "थांबा. आधी ताप येऊ द्या."

"अहो, रोज येतोय!"

"माझ्यासमोर येऊ द्या."

आणि एका पोराला खेळायला बसवून स्वतः मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसेल अशी व्यवस्था केली, माझा चिवडा मागवला आणि एकेक शेंगदाणा वेचून खात त्या आकड्याकडे बघत राहिले. अख्खी दुपार. मला असा माणूस कधी भेटला नव्हता, जो दुरुस्तीला येतो आणि काहीच करत नाही.

मी दर थोड्या वेळानं विचारायचो, "किती?"

"ब्याऐंशी."

"मग बरंय की."

"थांबा. चढून राहिलंय."

"आता किती?"

"सत्त्याऐंशी."

"सर, पंच्याऐंशीवर मिटवता येईल का? काहीतरी करा. पोरं काय म्हणत नाहीत."

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "शेठ, हे कार्ड आहे. मोंढ्याच्या बाजारातला हरभरा नाही."

पोरं खदाखदा हसली. मीही हसलो, पण मनात ठेवलं. भाव करणारा माणूस चारचौघांत असं बोललेलं विसरत नाही. तेवढ्यात पडदा काळा झाला, पंखे घोंघावले, आणि सर असे खुश झाले की जणू पाहुणा आला. "आला! बघा, आला!"

मी पॅनेल उघडायला धावलो तर पुन्हा तेच. "थांबा. तापलेल्या कार्डाला हात लावायचा नाही."

"का? चावतं?"

"हात भाजतो, माणूस दचकतो, आणि दचकून ओढलं की धड असलेलंही तुटतं. थंड होऊ द्या. मग स्क्रू." हा त्यांचा कायदा होता. कुणी कितीही बोंब मारो, गरम कार्डाला ते शिवायचे नाहीत. मी फुंकर घालून बघितली, पुठ्ठ्यानं वारा घालून बघितला. ते खुर्चीत बसून माझी गंमत बघायचे.

दुसरा कायदा याहून वाईट. एका वेळी एकच बदल. पहिल्या खेपेला त्यांनी फक्त कार्डाचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं आणि दुपारभर खेळवलं. फरक नाही. पुढच्या खेपेला मशीनला वीज देणारा डबा दुसरा लावला. पुन्हा दुपारभर. फरक नाही. मी हातघाईवर आलो. "सर, सगळं एकदम करून टाका ना! डबा बदला, पंखे बदला, त्या आतल्या चिपवर जी पेस्ट लावतात तीही लावा. एकात नाही तर दुसऱ्यात बरं होईल."

"आणि बरं कशानं झालं हे कसं कळणार?"

"कळून करायचंय काय? बरं झालं म्हणजे झालं!"

"आणि परत आलं तर?"

प्रश्न बिनतोड होता, पण म्हणून ते बरोबर होते असं नाही. त्यांच्या एकेका बदलाला एकेक आठवडा जात होता, आणि माझी पोरं पुलावरून पलीकडे जात होती.

खरं सांगायचं तर मला दुरुस्तीपेक्षा गुन्हेगार हवा होता. हैदराबादच्या विक्रेत्यानं मला फसवलं, अशी माझी खात्री झाली होती. त्याच्याकडून कार्ड घेताना मी त्याला इतका दाबला होता की त्यानं सूड म्हणून खराब माल दिला असणार. सरांनी एकदा तोंडानं म्हणावं, 'कार्ड खराब आहे', की मी ते विक्रेत्याला ऐकवणार आणि त्याला सोलून काढणार, एवढंच मला पाहिजे होतं. मी फोन लावूनच तयार असायचो. सर म्हणायचे, "थांबा. उगाच कार्डावर आळ घेऊ नका."

"मग कुणावर घेऊ?"

"कुणावर घेतलाच पाहिजे का?"

घेतलाच पाहिजे! फटका बसला की मारणारा हात असतोच. मी आजवर असाच जगलो.

दरम्यान मी माझे उपाय चालू ठेवले होते. दर गुरुवारी आमच्या गल्लीत ऊदवाले चाचा येतात. हातात निखाऱ्यांचं भांडं, त्यावर लोबान टाकायचं आणि मोरपिसानं दुकानभर धूर घालायचा, म्हणजे नजर उतरते. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्या बाजारात चाचांचा धूर कुणी नाकारत नाही. आमच्या पार्लरच्या पहिल्या दिवसापासून ते येतात. एक नंबर आजारी पडल्यावर मी त्यांना सांगितलं होतं की बाकी मशीनला एकदा, तर हिला तीनदा द्या. पुलापलीकडच्याची नजर आहे. चाचा गंभीरपणे मान हलवायचे. "लगी है शेठ, जोर की लगी है. मशीन बेचारी क्या करती?" आणि भांडं खाली टेकवून असा दाट धूर घालायचे की मशीन दिसेनाशी व्हायची. पंखे तो धूर आत ओढून घ्यायचे, ते बघून मला समाधान वाटायचं. आतपर्यंत जातोय!

एका खेपेला सर गुरुवारीच आले. कार्ड थंड होईपर्यंत थांबले, मग बाहेर काढून, पंखे सोडवून, खालच्या पितळी-चंदेरी पात्यांमधून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते पुसलं तर पुसेना, चिकट होतं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग माझ्या नाकाशी आणलं.

"कशाचा वास येतोय?"

सांगायची गरज पडली नाही. चाचा नेमके पायऱ्या उतरत होते, भांड्यातून धूर निघत होता.

माझ्या लक्षात आलं आणि माझा पारा चढला. म्हणजे ज्या धुरावर मी भरवसा ठेवला त्यानंच पात्यांवर चिकटा धरला, चिकट्यावर धूळ बसली आणि कार्डाचा श्वास कोंडला. गुन्हेगार सापडला होता, तोही आपल्या पायानं चालत आलेला! मी चाचांवर धावलोच असतो. सरांनी माझं मनगट धरलं. "थांबा." मग उठून चाचांसमोर गेले आणि अतिशय अदबीनं विचारलं, "चाचा, नजर दुकानात येते ती कुठून?"

"दरवाजे से, सर. और कां से आयेंगी?"

"मग ऊद उंबऱ्यावर दिला तर ती बाहेरच अडेल ना? आत येऊन मग उतरवायची, त्यापेक्षा येऊच द्यायची नाही."

चाचांनी विचार केला. त्यांना हे फार पटलं. "सई बात है सर की. पढे-लिखे आदमी हैं." त्या दिवसापासून चाचा उंबऱ्यावर उभे राहून धूर घालायला लागले, आणि पायऱ्या उतराव्या लागत नाहीत म्हणून त्यांचे गुडघेही खुश झाले. सरांनी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही की त्यांच्या धुरानं काय केलं होतं. मी सांगणार होतो. मला आजही वाटतं, सांगायला पाहिजे होतं. चूक ज्याची त्याला कळायला नको?

सरांनी ब्रशनं एकेक पातं साफ केलं, चिपवर नवी पेस्ट लावली. आणि एक नंबर धावायला लागली. सकाळी दोन पोरं खेळत असली की आकडा सत्तरीच्या वर जाईना. मी पेढे आणले. सरांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "थांबा. हॉल भरू द्या."

हॉल भरला. दुपार झाली. सगळ्या मशीन चालू, पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली, छताचे पंखे तीच गरम हवा फिरवत होते. मार्च-एप्रिलचं नांदेड तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यात आमचं ते गोदाम. आकडा चढायला लागला. संध्याकाळच्या आत पडदा काळा. सरांनी पेढा डब्यात परत ठेवला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, रविवारी, लातूरच्या पोरांचा संघ येणार होता. ती पोरं नावाजलेली होती. खेळून बघणार आणि आवडलं तर दर रविवारी सामने माझ्याकडे भरवणार असं ठरलं होतं. पुलापलीकडच्यानंही त्यांना बोलावलं होतं. मी जिभेची शिकस्त करून त्यांना आधी माझ्याकडे वळवलं होतं. तो रविवार साधला असता तर हॉल तरला असता. मी सरांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि एक नंबरच्या मागे बसवलं.

खेळ शेवटच्या फेरीत होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सर हळूच म्हणाले, "शेठ, थांबा. थोडा वेळ दार मोकळं करा, अर्धी पोरं वर काढा, मशीनला दम घेऊ द्या."

"आत्ता? शेवटची फेरी आहे!"

"एक्क्याण्णव."

"असू द्या एक्क्याण्णव!"

"थांबा म्हणतोय मी."

मी थांबलो नाही. पडदा काळा झाला. लातूरच्या पोरानं माउस हळूच टेबलावर ठेवला, डोक्यावरचा हेडफोन काढला. त्यांच्या म्होरक्यानं एवढंच विचारलं, "शेठ, त्या पुलापलीकडच्याकडे कुठून जायचं?"

त्यानंतर मी सरांना जे बोललो ते भरल्या हॉलमध्ये बोललो. "थांबा, थांबा, थांबा! याच्याशिवाय येतं काय तुम्हाला? क्लासवाल्यांनी उगाच नाही हाकललं!"  सरांनी चष्मा काढून शर्टाच्या बाहीला पुसला. मग म्हणाले, "अजून एक दोष आहे, शेठ. मी मशीन मुरुडला नेतो. खात्री करतो आणि सांगतो."

"आत्ता सांगा ना! कुठला दोष?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "थांबा," म्हणाले. "नंतर."

मशीन चादरीत बांधली आणि एसटीत मांडीवर घेऊन गेले. कंडक्टरनं विचारलं तर म्हणे सांगितलं, 'पेशंट आहे'. हे मला नंतर त्यांच्या घरी कळलं.

मी रोज फोन करायचो. 'जयभीम. थांबा.' मग, "शेठ, कार्ड निरोगी आहे. दिवसभर चालवतोय, पासष्टच्या वर जात नाही."

"मग दोष काय?"

"थांबा. सांगतो."

"सर, माझा धंदा बसलाय इथं!"

"माहीत आहे. सांगतो."

असं कितीतरी वेळा झालं. मला वाटायचं हा माणूस माझ्याशी खेळतोय. रविवारचा सूड घेतोय. माझं गिऱ्हाईक पुलापलीकडे, माझी मशीन मुरुडला, आणि मी करारानं बांधलेल्या त्या तळघरात माश्या मारत बसलेलो. मी चिडून फोन आपटायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचो, पुन्हा आपटायचो.

एक दिवस पलीकडून 'जयभीम' आलं ते बाईच्या आवाजात. मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. सरांच्या बायकोनं सांगितलं, "ते गेले. परवा. छातीत कळ आली अन् बसल्या जागी." मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो, माणसं काहीही म्हणोत. मला वाटलं, न सांगताच गेले!

लातूरला गाडी बदलून मुरुडला गेलो. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि शेजारी सरांचा नवा फोटो. फोटोतही चष्मा नाकावर घसरलेला. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पाणी दिलं, मला आतल्या खोलीत नेलं. "तुमची मशीन तितंच हाय, बघा."

खिडकीत टेबल होतं, टेबलावर एक नंबर, तिची बाजू उघडी. खिडकीसमोर दार, दोन्ही सताड उघडी. बोळातला वारा खिडकीतून यायचा, मशीनवरून जायचा आणि दारातून निघून जायचा. मी तिथं उभा होतो तर माझ्या अंगावरचा घाम वाळला.

काकू म्हणाल्या, "दिवसभर चालू ठिवायचे. सोताच खेळायचे. त्या गोळ्या झाडायच्या खेळात रोज मरायचे. समोरचा गोळी घालून राहिला तरी हे आपले थांबून. मी म्हणायची, अहो झाडा की!"

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग मी विचारलं, "काकू, दोष काय होता, ते काही बोलले का?"

"दोष कुठला? मशीन बरी हाय. म्या म्हणलं, बरी हाय तर नेऊन द्या की शेठला, रोज फोन करून राहिलेत. तर म्हणले, मशीन थंड झाली, शेठ अजून तापलेलेच हायत. त्यांची ती खोलीच आजारी हाय, हवा जायला वाटच न्हाई. पन ती खोली त्यांच्या लई लाडाची. आत्ता सांगितलं तर भडकतील अन् फोन आपटतील, ऐकणार न्हाईत. थंड होऊ दे, मग सांगतो." काकूंनी पदरानं खिडकीची चौकट पुसली. "रोज फोन ठिवला की म्हणायचे, अजून गरमच हायत."

मी मशीनच्या उघड्या बाजूवर तळवा ठेवला. चिकट्यावर बोट फिरवून वास घेणारा माणूस. त्याला पहिल्याच दिवशी, विटांवर तळवा ठेवला तेव्हाच, कळलं होतं. कार्ड, विक्रेता, नजर, चाचा, शेवटी सर, सगळ्यांवर मी आळ घेऊन झाला होता. एक हॉलच राहिला होता. आणि ज्याच्याशी भाव करताना त्या हॉलचा प्रत्येक दोष मी स्वतःच्या तोंडानं मोजला होता, तो घरमालक पलीकडे अंगणात बसून ते अजून विसरला नसेल.

पण मी म्हणतो, सांगायचं होतं. मी भडकलो असतो, फोन आपटला असता, चार शिव्या दिल्या असत्या. नंतर कधीतरी ऐकलंच असतं. मी कार्ड आहे का, थंड होईपर्यंत हात न लावायला? माणूस तापलेलाच असतो, माझ्यासारखा तर जन्मभर. त्याच्यासाठी थांबत बसलात तर आयुष्य संपतं, आणि तसंच झालं. हे मी मुरुडच्या त्या खोलीत त्यांच्या फोटोला सांगितलं. काकू चहा ठेवायला गेल्या होत्या.

मशीन चादरीत बांधून मांडीवर घेऊन परत आलो. घरमालकाकडे गेलो, झरोका उघडा म्हणालो. त्यानं अंगणातल्या तुळशीकडे बोट दाखवलं. "तुमच्या पोरांचा घाम माझ्या तुळशीवर सोडू?" मी ओरडलो, त्यानं करारातली ओळ वाचून दाखवली. ती मला पाठ होती. करार अजून चालू आहे. मी अजून त्याच हॉलमध्ये आहे.

एवढंच केलं, की एक नंबर उचलून वर आणली. पायऱ्यांच्या माथ्यावर, शटरच्या आत, अगदी उंबऱ्याला लागून. उन्हासाठी वर ताडपत्री बांधली, उजेडात मशीनचा पडदा दिसावा म्हणून मागे जुनी चादर टांगली. पोरं आधी हसली, आता तिथंच रांग लावतात, कारण ती बसत नाही. खालचा हॉल तसाच तापतो, बाकीच्या मशीन अधूनमधून बसतात, मी ऐकून घेतो. चांगली मशीन रस्त्यावर का ठेवली, असं कुणी विचारलं तर सांगतो, सरांनी सांगितलं. त्यांनी सांगितलेलं नाही, हे फक्त काकूंना आणि मला ठाऊक आहे.

पहिल्याच गुरुवारी चाचा आले. भांड्यातून धूर निघत होता, मोरपीस वर केलेलं. उंबऱ्यावर मशीन बघून ते घोटाळले.

"शेठ, अब ऊद कां देना? उंबरे पे तो मशीन बैठी है."

पंखे धूर ओढायच्या बेतात होते. माझ्या तोंडात शिवी आली होती, सवयीनं. मी हात वर केला आणि म्हणालो, "थांबा."

चाचा थांबले. खेळणारं पोरगंही थांबलं. आतला गरम वारा पोटऱ्यांवरून बाहेर जाताना मला जाणवत होता, आणि थांबायला सांगितलं ते पुढे काय करायला, हे मला काही केल्या सुचेना.